तीन रिकाम्या जागांचे भाडे

पुण्याच्या मार्केट यार्डात आठवड्याची सुट्टी सर्वांना एकाच दिवशी मिळत नाही. फळे-भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद असतो, तर गूळ-भुसार विभाग रविवारी. त्यामुळे रविवारी पहाटे एका बाजूला भाजीच्या गाड्यांची रांग, हमालांच्या हाका आणि आडत्यांच्या गाळ्यांवरची गर्दी ऐन भरात असते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला भुसार पेढ्यांची शटर खाली ओढलेली असतात आणि रस्त्यावर सांडलेले ज्वारी-बाजरीचे दाणे टिपायला कबुतरे उतरलेली असतात. नाना पेठ आणि भवानी पेठेतून व्यापार गुलटेकडीला आला, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या पिढीला ही रविवारची शांतता चांगली परिचित आहे. मात्र त्या शांततेत सहलीला जाण्याची सवय त्या पिढीला कधी लागली नाही. रविवार म्हणजे महाराजसाहेबांचे व्याख्यान, सामायिक, नात्यातले एखादे लग्न किंवा आजारी माणसाची विचारपूस, आणि दुपारनंतर उधारीची वही.

अशाच एका भुसार पेढीवरचा एकुलता एक मुलगा संगणक अभियंता झाला आणि लग्नानंतर वर्षभरातच पत्नीसह सिंगापूरला गेला. सूनबाई सनदी लेखापाल असल्याने तिलाही तेथे काम मिळाले. मुंबईहून विमानाने साडेपाच तास, एवढेच अंतर. पण पेढीच्या गादीवर बसून वडिलांना ते फार वाटे. मुलाचा दर रविवारी दूरध्वनी येई, तेव्हा ते एकच प्रश्न विचारीत, "आज काय केले?" पहिल्या वर्षी त्याचे उत्तरही एकच असे, "काही नाही, बाबूजी. घरीच होतो."

या उत्तरामागे एक अडचण होती. तेथील सहकारी मनमिळाऊ होते. शनिवार-रविवार आला की कोणी समुद्रकिनारी, कोणी जंगलवाटेवर, कोणी लगतच्या एखाद्या लहान बेटावर जाण्याचा बेत करी आणि या दोघांना हमखास बोलावी. पण अशा बहुतेक सहलींचा शेवट संध्याकाळी किनाऱ्यावर विस्तव पेटवून त्यावर मासे-मांस भाजण्यात होई. कंदमूळ वर्ज्य, सूर्यास्तानंतर जेवण नाही, हे प्रत्येकाला कसे समजावून सांगायचे? त्यापेक्षा नकार देणे सोपे वाटे. सहा महिन्यांनी बोलावणी कमी झाली, वर्षाअखेरीस जवळजवळ थांबली. एका रात्री सूनबाईने मार्केट यार्डातल्या सासूबाईंना फोन करून सांगितले, "बाई, इथे कशाचीच कमतरता नाही, पण चार माणसांत बसून जेवल्याला वर्ष झाले." सासूबाई म्हणाल्या, "मग तूच चार माणसांना जेवायला बोलाव. नियम ताटापुरता असतो, दारापुरता नसतो."

त्या एका वाक्याने पुढची तीन वर्षे बदलली.

सात वाजता मावळणारा सूर्य

सिंगापूर हे विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश उत्तरेला वसलेले बेट आहे. पुण्यात मार्गशीर्षात सहाच्या आतच मावळणारा सूर्य आषाढात सव्वासातपर्यंत रेंगाळतो. तेथे मात्र तो बारा महिने सातच्या आगेमागे उगवतो आणि सातच्याच आगेमागे मावळतो. नवकारशीची वेळ रोज पावणेआठ-आठच्या सुमारास येते, म्हणजे कामावर निघण्यापूर्वी. चौविहार करणाऱ्याला पंचांग पाहावे लागत नाही. साडेसहाचा ठोका वर्षभर पुरतो. घरापासून इतक्या दूर आल्यावर नियम पाळणे अवघड जाईल असे वाटले होते. पण निदान सूर्याने तरी ते सोपे करून ठेवले होते.

चातुर्मासाचे गणित मात्र उलटे आहे. तेथे पाऊस वर्षभर पडतो आणि त्याचा जोर नोव्हेंबर ते जानेवारीत असतो. आपल्याकडे कार्तिकी पौर्णिमेला साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो, त्याच सुमारास तेथे खरी अतिवृष्टी सुरू होते. सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते म्हणून पावसाळ्यात पालेभाजी सोडायची, तर बाराही महिने ओल असलेल्या बेटावर काय करायचे? पूर्व भागातील जालान यासिन येथे १९७२ साली स्थापन झालेल्या सिंगापूर जैन रिलिजियस सोसायटीची वास्तू आहे. मूर्तिपूजक आणि स्थानकवासी कुटुंबे तेथे एकत्र येतात. या दांपत्यानेही तेथे हाच प्रश्न विचारला. एका वडीलधाऱ्या गुजराती श्राविकेने सांगितले, "तिथी घरच्याच पाळायच्या, आणि जयणा रोजची." बादलीत, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचे नाही, हा तेथील सरकारचा डासांविरुद्धचा सक्त नियम आहे. जीव उत्पन्न होऊ न देणे हीच जयणा, हे सूनबाईला त्या नियमातून अधिक नीट उमगले.

पिठाचा कोंबडा

सासूबाईंच्या सांगण्यानुसार पहिल्या रविवारी घरी जेवायला आले ते मुलाच्या कचेरीतले चिनी दांपत्य. डाळ-बाटी, गट्ट्याची भाजी आणि चुरमा असा बेत होता. कांदा-लसूण नसल्याबद्दल सूनबाई दिलगिरी व्यक्त करू लागली, तेव्हा पाहुण्याने तिला थांबवले. त्याची आई बौद्ध असून चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करते, आणि चिनी बौद्धांच्या शाकाहारात कांदा, लसूण व त्या जातीच्या तिखट वासाच्या भाज्या वर्ज्य असतात, असे त्याने सांगितले. अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबाने पथ्य पाळणारी एक आई चीनमधून आलेल्या घराण्यातही असते, हे या दोघांना ठाऊक नव्हते. बटाटा, गाजर, मुळा मात्र त्यांना चालतो. ते एवढे टाळले की एक ताट दोघांनाही चालण्यासारखे होते.

मग वॉटरलू रस्त्यावरील क्वान यिन देवीचे मंदिर आणि त्याच्या शेजारचे श्रीकृष्ण मंदिर पाहणे झाले. चिनी भाविक देवीपुढे उदबत्ती लावून तसेच श्रीकृष्णाच्या दारातही हात जोडतात. तेथून जवळच शाकाहारी उपाहारगृहांची इमारत आहे. तेथे मित्राने मोठ्या हौसेने एक पदार्थ मागवला. तो सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वाचा होता, पण आकार, रंग आणि नाव बदकाचे होते. शाकाहारी असूनही मुलाचा हात पुढे होईना. त्याने मित्राला यशोधर राजाची कथा सांगितली. आईच्या आग्रहावरून खरा कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा करून बळी दिला, तरी मारण्याचा भाव मनात होता म्हणून राजाला आणि आईला कित्येक जन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये 'यशस्तिलक' या चंपूकाव्यात हीच कथा विस्ताराने रचली आहे. मित्राने ती लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाला, "माझी आई हे बदक खाते, कारण तिला खऱ्याची आठवण मोडायची आहे. तुम्ही खात नाही, कारण तुम्हाला ती आठवण निर्माणच होऊ द्यायची नाही." यावर वाद झाला नाही. साध्या टोफूची आणि पालेभाजीची थाळी मागवण्यात आली.

चेक जावा आणि कुसू

हळूहळू मंडळी जमली. चिनी दांपत्य, चेन्नईहून आलेले एक तमिळ दांपत्य आणि एक मलय मैत्रीण. डबा कोणी काय आणायचा हे ठरले, आणि सहलीतले जेवण दुपारचेच करायचे हेही ठरले. पुण्याहून दिवाळीत आलेला चिवडा, खाखरे, दशम्या आणि सुकी भेळ हे या मंडळाचे कायमचे पाथेय झाले.

त्यांच्या आवडीचे ठिकाण म्हणजे ईशान्येकडचे पुलाऊ उबिन हे छोटे बेट. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून यांत्रिक होडीने दहा-पंधरा मिनिटांत तेथे पोहोचता येते. होडीला वेळापत्रक नाही. बारा माणसे भरली की ती सुटते. पूर्वी या बेटावर ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, आणि एकोणिसाव्या शतकात हॉर्सबर्ग दीपगृहासाठी येथलाच दगड गेला. आता खाणींची तळी झाली आहेत, आणि पत्र्याच्या छपरांची जुनी घरे, फणस-नारळाची झाडे व भाड्याच्या सायकली एवढेच गाव उरले आहे.

बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा नावाचा ओहोटीचा किनारा आहे. पाणी ओसरले की वाळूवर तारामासे, समुद्रफुले, एक पंजा मोठा असलेले चिमुकले खेकडे आणि चिखलातून उड्या मारणारे मासे दिसू लागतात. या किनाऱ्यावर भराव घालून जमीन तयार करण्याचे सरकारने ठरवले होते. २००१ साली निसर्गप्रेमी नागरिक ओहोटीच्या वेळी तेथे जाऊन एकेका जीवाची नोंद करू लागले, लोकांना आणून दाखवू लागले, सरकारला पत्रे लिहू लागले. आणि भराव सुरू होण्याच्या बेतात असताना तो निर्णय पुढे ढकलण्यात आला. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला मोल असलेल्या देशात बिनभाषेच्या जीवांसाठी जागा सोडण्यात आली, ही गोष्ट लहान नाही. आज तेथे खांबांवर उभारलेल्या पायवाटेवरूनच चालावे लागते, वाळूत पाय टाकता येत नाही. सूनबाईने सासूबाईंना चित्रफीत पाठवली, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "ही तर ईर्यासमितीची वाट."

दक्षिणेला कुसू हे आणखी लहान बेट आहे. कुसू म्हणजे कासव. वादळात बुडणाऱ्या एका मलय आणि एका चिनी कोळ्याला वाचवण्यासाठी एका मोठ्या कासवाने स्वतःचेच बेट केले, अशी तेथील आख्यायिका. खाली १९२३ साली एका धनिक व्यापाऱ्याने बांधलेले चिनी मंदिर, तर टेकडीवर १५२ पायऱ्या चढून गेल्यावर मलय मुसलमानांची श्रद्धास्थाने. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात तेथे यात्रा भरते. कासव हे विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामींचे लांछन आहे, हे मुलाने मित्रांना सांगितले, तेव्हा मलय मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आता या कासवावर तिघांचा हक्क झाला."

बाबूजींची सुट्टी

चौथ्या वर्षी वैशाखात आई-वडील सिंगापूरला आले. दिशापरिमाण व्रतात आईंनी परदेशवासाला एका महिन्याची मर्यादा घातलेली होती, त्यामुळे परतीचे तिकीट आधीच काढलेले होते. वडिलांनी चाळीस वर्षांत पेढी सलग इतके दिवस सोडली नव्हती. पहिले चार दिवस ते सकाळी उठून ज्वारीचा आणि तूरडाळीचा भाव फोनवर विचारीत, आणि मग खिडकीत बसून राहत.

चिनी मित्राच्या हे लक्षात आले. तो त्यांना पहाटे पासिर पांजांग येथील घाऊक बाजारात घेऊन गेला. १९८३ मध्ये सुरू झालेला हा बाजार म्हणजे सिंगापूरचे मार्केट यार्डच. देशाला लागणाऱ्या अन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, म्हणून या बाजारात शेतकरी जवळजवळ नाही; माल बंदरातून कंटेनरने येतो. बोलीचा आवाज नाही, मापाडी नाही, पाठीवर पोते घेऊन वाट मागणारा हमाल नाही, फोर्कलिफ्ट फिरतात. बाबूजींनी गोण्यांवरून हात फिरवला, लसणाचा गड्डा दाबून पाहिला, आणि एका ठिकाणी थांबले. जाळीच्या गोणीत नाशिक भागातला लाल कांदा होता. जो कांदा घरात कधी शिजला नाही, त्याला परक्या मुलखात पाहून त्यांना गावाकडचे कोणी भेटल्याचा आनंद झाला. भाव विचारून त्यांनी मनातल्या मनात वाहतूक, घट आणि नफा वजा केला व मान डोलावली.

त्या गाळ्याचा मालक सत्तरीच्या घरातला चिनी व्यापारी होता. मित्र दुभाष्या झाला. दोघांनी एकमेकांना मालाविषयी, उधारीविषयी, बुडालेल्या रकमांविषयी विचारले. शेवटी त्या व्यापाऱ्याने विचारले, "तुमच्यामागे गाळा कोण पाहणार?" बाबूजींनी मुलाकडे पाहिले नाही. त्यांनी तोच प्रश्न उलट विचारला. व्यापारी हसला. त्याची मुलगी डॉक्टर होती, मुलगा शिक्षक. "मी आहे तोवर मीच," तो म्हणाला. "माझेही तेच," बाबूजी म्हणाले. चार वर्षे दर रविवारी फोनवर न विचारलेला प्रश्न त्या दिवशी एका परक्याने विचारला, आणि परक्यालाच त्याचे उत्तर मिळाले. मुलगा शेजारी उभा राहून सारे ऐकत होता.

उबिनचा धक्का

पुढच्या रविवारी सगळी मंडळी उबिनला गेली. आई-वडील धरून नऊ माणसे होती. दुपारी दोनच्या सुमारास आभाळ भरून आले आणि विजांसह मुसळधार पाऊस कोसळला. छपराखाली थांबावे लागले. डबा दुपारीच संपला होता. पाऊस उघडून मंडळी धक्क्यावर आली तेव्हा साडेपाच झाले होते. इतर प्रवासी पावसाआधीच परतले होते. होडीवाला बारा माणसांची वाट पाहत बसला. माणसे नऊच.

त्या दिवशी सूर्यास्त सात वाजून दहा मिनिटांनी होता. पलीकडे उतरून घर गाठायला आणखी पाऊण तास हवा होता. बाबूजी शांतपणे म्हणाले, "उशीर झाला तर आज आहारत्याग. त्यात काय मोठे?" मधुमेहाच्या गोळीचे नाव त्यांनी काढले नाही, आईंनी सुनेकडे पाहिले, तेव्हा ते तिला कळले. कोणी काही सांगण्यापूर्वीच चिनी मित्र उठला, होडीवाल्याशी दोन शब्द बोलला आणि परत येऊन म्हणाला, "चला." माणशी चार डॉलरप्रमाणे तीन रिकाम्या जागांचे बारा डॉलर त्याने भरले होते. होडी निघाली. मित्राने सहज मुलाकडे वळून विचारले, "तुलाही सूर्यास्ताआधी जेवायचे असेल ना?" मुलगा काही बोलला नाही.

साडेसहाला ताटे वाढली गेली. मुलगाही बसला, आणि दोन घास झाल्यावर म्हणाला, "बाबूजी, कामाच्या दिवसांत माझे दोन वर्षांपासून चौविहार होत नाहीत. मी सांगितले नव्हते." सूनबाईचा हात थांबला. बाबूजींनी जेवण पुरे केले, पाणी प्यायले, आणि मग बोलले. "बाजारात माल कमी भरला तर आपण सांगतो, पोत्यात खडे भरून वजन करीत नाही. तू आज सांगितलेस, हिशेब तिथेच चोख झाला. महिन्यातले दहा दिवस धर. धरलेले दहा मोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकिटात बारा डॉलर घालून मित्राकडे पाठवले. ते परत आले, सोबत निरोप होता: "पथ्याच्या दिवशी आईला उशीर होत असला की आम्ही असेच करतो. तिच्याकडून कोण पैसे घेतो?"

परतीचा रविवार

पुढच्या थंडीत चिनी दांपत्य पुण्याला आले. रविवार होता. बाबूजींनी त्यांना पहाटे साडेपाचला फळे-भाजीपाल्याच्या बाजारात नेले. कोथिंबिरीच्या जुड्यांचे डोंगर, टोमॅटोच्या क्रेटी, "चला बाजूला" म्हणत धावणारे हमाल. पाहुणा एका हमालाच्या पाठीवरच्या ओझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याचे आजोबा सिंगापूर नदीच्या धक्क्यावर तांदळाची पोती वाहत असत, हे त्याने तेव्हा प्रथमच सांगितले. मग कात्रजच्या आगम मंदिराचे दर्शन झाले, आणि डोंगरावरून पसरलेले शहर पाहणे झाले. थंडीचे दिवस, सूर्य सहालाच मावळणार. परतताना सातारा रस्त्यावर वाहने अडकली, तेव्हा घड्याळाकडे पाहून चिंता करू लागला तो पाहुणाच. बाबूजींनी पिशवीतून दशमी काढली आणि तिचे चार तुकडे केले. "बाजारात चाळीस वर्षे काढली आहेत," ते म्हणाले, "एकदा चुकलेला अंदाज दुसऱ्यांदा चुकत नाही."

मुलाने परत कधी यायचे, हे अजून ठरलेले नाही, आणि बाबूजी ते विचारीतही नाहीत. दर रविवारी फोन येतो. आता मुलगा आधी सांगतो, या महिन्यात किती दिवस झाले ते. नंतर कुठे जाऊन आलो ते. पेढीवरच्या नव्या वर्षाच्या वहीत, लक्ष्मीपूजनाला उघडलेल्या पहिल्या पानांत, एक खाते त्या चिनी मित्राच्या नावे आहे. देणे बाजूला रक्कम लिहिली आहे: बारा डॉलर. मुनीमजींनी एकदा विचारले, हे केव्हा फेडायचे? बाबूजींनी वही मिटली आणि म्हणाले, "हे पुढच्या वर्षी ओढून घ्यायचे. दर वर्षी."